मीरा मागेल तेव्हा

“ऑटिझम,” साउथहॅम्प्टनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि टिश्यूचा खोका आमच्याकडे सरकवला. मला त्या खोक्याचाच राग आला.

आमची तीन वर्षांची लेक मीरा जमिनीवर बसून खेळण्यातल्या गाडीचं एकच चाक फिरवत होती. ऑटिझम म्हणजे मेंदूची घडणच वेगळी, इतरांशी बोलण्या-वागण्याची रीत वेगळी. औषधाने जाणारा हा आजार नव्हे, असं त्यांनी समजावलं.

मी पुण्याचा, बायको यान चीनची. मीरा दिवसभर माझ्या सासूबाईंकडे असते, म्हणून घरात मँडरिनच चालतं. मी विचारलं, “आता फक्त इंग्लिश बोलायचं का?”

“अजिबात नको. तुम्हाला मनापासून येते ती भाषा बोला.”

माझ्या डोक्यात एकच भीती होती. ही पोर तोंडाने काही मागणार का कधी? आम्ही जवळ नसताना तिला तहान लागली तर कुणाला कळणार?

बऱ्याच महिन्यांनी स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलायला शिकवणारी तज्ज्ञ, घरी आली. तिने आधी नुसतं पाहिलं. सासूबाई वाटी घेऊन मीराच्या मागे फिरत होत्या; नजर वळायच्या आत पाणी, तोंड उघडायच्या आत घास. माझी आईही अशीच. या बाबतीत पुणं आणि चीन सख्खे शेजारी.

“तिला मागायची वेळच येत नाही,” थेरपिस्ट म्हणाली. “जेवण पोटभर द्या. पण आवडीचा खाऊ समोर धरा, शब्द एकदा सांगा आणि थांबा.”

यानने हे आपल्या आईला सांगितलं. “नातीला रडवू मी?” सासूबाई भडकल्या.

तुमच्यावर ही वेळ आली तर आधीच सांगतो, हे थांबणं फार जड जातं. मीरा रडायची, सासूबाई रडायच्या, यान उठून किचनमध्ये जायची. खड्ड्यात गेली थेरपी, असं मला रोज वाटायचं.

एका शनिवारी सासूबाईंनी सफरचंदाची फोड धरली. “याओ,” त्या म्हणाल्या. याओ म्हणजे हवं. मीराने त्यांचा हात ओढला. त्या ओठ घट्ट मिटून बसल्या.

“याओ,” मीरा पुटपुटली.

कुणीच हललं नाही. सासूबाईंचे डोळे वाहत होते आणि फोड द्यायचं त्या साफ विसरल्या होत्या. मीराने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि या वेळी ठणकावून सांगितलं, “वायपो, याओ.”

आजी, हवं.

ऑटिझम आहे तिथेच आहे, शब्दही अजून मोजकेच. त्या थेरपिस्टचे उपकार मी विसरणार नाही. सासूबाई मात्र आता सफरचंद कापायला मुद्दाम उशीर लावतात.