कल्याणरामराव आणि सहा डबडी

कल्याणरामरावांना जगात एकच वस्तू पसंत होती, ती म्हणजे त्यांचा स्वतःचा कान. बाकी सगळं डबडं. नवा कुकर डबडं, जावयाची गाडी डबडं, आणि देवळावर बांधलेला कर्णा म्हणजे तर डबड्यांचा बाप.

कुंभकोणमला महामखम तलावाजवळ पितळी सामानाचं एक जुनं दुकान आहे. तिथं त्यांनी चव्वेचाळीस वर्षं काढली. समया आणि घंटा बाकीचे विकायचे. रावांच्या पुढ्यात फक्त टाळ. ओतून, घासून आलेल्या टाळांचा ढीग त्यांच्यापुढे ओतायचा आणि त्यांनी एकेक वाजवून जोड्या लावायच्या. टाळ वाजला की तो विझेपर्यंत राव मनात आकडे मोजत. विसाच्या आत विझला तर भंगारात. विसाच्या पुढे गेला तर त्याला जोडीदार शोधायचा. दोघांचे आवाज एकमेकांत असे मिसळायला हवेत की केसाएवढी फट उरू नये. "नवराबायको बेसूर असली तरी संसार होतो," ते म्हणत, "टाळांचा होत नाही."

हे म्हणताना सुब्बलक्ष्मीबाई शेजारीच उभ्या असल्या तरी त्यांचं काही अडत नसे. बायकोच्या कानाबद्दल त्यांचं मत लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरलं होतं. "तुझे कान कुकरचे. शिट्टीपलीकडे काही कळायचं नाही."

दुकान सोडून सहा वर्षं झाली. तरी गोविंदपुरमचे भजनवाले विजयराघव उत्सवाआधी टाळ घ्यायला आले, की दुकानातून फोन यायचा, "राव, या." रावांनी हात लावल्याशिवाय ते टाळ घेत नसत. वर्षातून हा एकच दिवस. त्या एका दिवसाच्या जोरावर राव उरलेले तीनशे चौसष्ट दिवस गावाला तुच्छ लेखत. यंदा तो दिवस शुक्रवारी यायचा होता.

त्याच्या आधी दोन आठवडे नात कीर्ति जवळ येऊन बसली. ही पोरगी घरी बसून चेन्नईच्या कंपनीचं काम करते, आणि पहिल्या बोनसचं काय केलंन तर माउंटन बाइक घेतलीन. हाताच्या मनगटाएवढे जाड टायर.

"डोंगराची सायकल म्हणे," राव म्हणाले होते. "कुंभकोणमात डोंगर कुठला गं? भात आणि केळी. उंच म्हणून एक स्वामीमलै, त्याच्याही पायऱ्या साठ. देवालासुद्धा इथं उंच बसायला दुसरं काही मिळालं नाही."

पण कीर्ति रोज पहाटे इन्नंबूरपर्यंत सराव करायची, आणि आता तिची टोळी एका रविवारी कोल्लीच्या डोंगरात जायची होती. सत्तर वळणांचा चढ.

"आजोबा, चढावर गाणं असलं की पाय चालतात. कानात बोंडं घातली तर मागची बस ऐकू येत नाही. म्हणून हँडलला बांधायचा छोटा स्पीकर हवाय, बिनवायरचा. तुम्ही निवडून द्या. तुमच्यासारखा कान कुणाचा आहे?"

"असल्या डबड्यांसाठी माझा कान?" राव म्हणाले, आणि आत जाऊन इस्त्रीचा सदरा घालून आले.

दारासुरमच्या रस्त्यावर सतीशकुमारचं मोबाइलचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हातारं दिसलं की तो त्याला तात्ता म्हणतो, म्हणजे आजोबा. त्यानं लोट्याएवढा एक लाल स्पीकर पुढे ठेवला आणि सुरू झाला. "तात्ता, याला धूळ चालते, सायकलवरून पडलेला चालतो, पाण्यात बुडाला तरी वाजतो."

"पाण्यात बसून वाजायचं काम बेडकाचं," राव म्हणाले. "गाणं लाव."

कीर्तिनं फोनवर गोविंदपुरमचं भजन लावलं. राव डोळे मिटून बसले. मृदंग आला. पेटी आली. माणसांचे गळे आले.

"टाळ कुठायत?"

"वाजतायत की, तात्ता."

"तू मला शिकव."

"मलाही येतायत ऐकू, आजोबा," कीर्ति हळूच म्हणाली.

"तुझे कान फोननं तळलेत. ज्यात टाळ येत नाही ते डबडं. उचल."

दुसरा स्पीकर वाजला तेव्हा राव म्हणाले, भोपळ्यात बसून कुणी ढेकर देतंय. तिसऱ्याला त्यांनी आठ ओळीसुद्धा दिल्या नाहीत. दुसऱ्या दुकानात चौथा पाहिला. तिथल्या माणसानं हा परदेशी आहे म्हटलं, तर राव म्हणाले, "मग तिकडेच ठेवायचा होता." पाचवा कीर्तिनं घरी मागवला आणि त्याच दिवशी परत पाठवला. कशातच टाळ नाही! राव गल्लीत सांगत सुटले, की साऱ्या कंपन्यांनी मिळून टाळ गिळला, या लोकांना धप धप केलं की झालं संगीत.

खरं तर त्या वर्षी रावांच्या मते जगातल्या पुष्कळ गोष्टी बिघडल्या होत्या. मोबाइलच्या मनोऱ्यांनी चिमण्या संपवल्या. शेतावर औषधं मारून मारून इन्नंबूरचे रातकिडे मेले. डाससुद्धा चोरटे झाले, पूर्वी गुणगुणून यायचे, आता मुकाट्यानं चावून जातात. आणि सायकलवाल्या पोरांनी घंटी वाजवायचं सोडलं. एकदा कीर्तिचीच सायकल मागून अंगावर आली तसे ते ओरडले, "घंटी विकलीस काय?"

"तीनदा वाजवली, आजोबा."

"वाजवली म्हणे!"

गुरुवारी सकाळी सहावा स्पीकर आला. तोही घरीच मागवलेला. राव झोपाळ्यावर बसले, कीर्तिनं तो खिडकीत ठेवून तेच भजन लावलं. मृदंग, पेटी, गळे. राव तोंड उघडणार, एवढ्यात सुब्बलक्ष्मीबाई केळफुलाचे चिकट हात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"काय चोखोट टाळ आहेत हो!" त्या म्हणाल्या. तंजावरकडची आमची माणसं अजून छानला चोखोटच म्हणतात. "चुलीपाशी ऐकू आले."

"तुला आले?"

"मग? खणखणीत."

"कुकरच्या कानांना काहीही ऐकू येतं."

बाई एरवी हसून आत गेल्या असत्या. पण दोन आठवडे घरात खोकी येत होती, जात होती, आणि पोरीचा रविवार तीन दिवसांवर आला होता. त्यांनी पदराला हात पुसले.

"चिमण्या मेल्या म्हणता ना?"

"मेल्याच."

"खिडकीत बघा. स्पीकरच्या मागं. केव्हाच्या कलकलाट करतायत."

रावांनी पाहिलं. गजावर दोन चिमण्या बसल्या होत्या. त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या, उघडत होत्या. आवाज काही नाही. कीर्तिनं भजन बंद केलं. तरी नाही.

राव उठले. देवघरातून आपले जुने टाळ घेतले आणि मागच्या दारी विहिरीपाशी गेले. एक वाजवला आणि मोजायला लागले. चाराला आवाज गेला. पण टाळ दोरीच्या मुळाशी धरला होता, तिथं बोटांना त्याची थरथर लागत होती. दहाला लागत होती. विसाला लागत होती. एकतिसाला ती बोटांतून उतरली. त्यांनी पुन्हा वाजवून पाहिला. कान म्हणाला चार, बोटं म्हणाली एकतीस. टाळ खोटा नव्हता.

त्या दिवशी दुपारी घरात कुणी कशाला डबडं म्हटलं नाही. रसमात मीठ जास्त पडलं होतं, तेही गुपचूप गिळलं गेलं. बाईंनी ताक आणून दिलं आणि कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप आलाय का?"

"नाही."

"मग शिव्या का नाहीत?"

राव ताक पीत राहिले. त्यांच्या डोक्यात शुक्रवार घुमत होता. दुकानात जाऊन बसावं, डोळे मिटावेत, दोन टाळ उचलून म्हणावं, ही घ्या जोडी. विजयराघव मान डोलावणार. गेल्या वर्षी तरी याहून काय वेगळं झालं असेल? किती टिकतो ते बोटांना कळतं, पण दोघांत फट आहे की नाही ते बोटांना कळत नाही. म्हणजे गेल्या वर्षीच्या जोड्या आपण नुसत्या सवयीवर लावल्या. आणि विजयराघवांनी त्या वाखाणल्या. वर्षभर गोविंदपुरमला वाजल्या. कुणाला काही कळलं नाही.

हे कुणाला न कळणं रावांना सहन होईना. पकडले गेले असते तर निदान जगात दुसरा एक कान आहे एवढं तरी समाधान मिळालं असतं. इथं तर सगळी डबडीच, आणि त्यांत आता आपल्यालाही धरून.

शुक्रवारी सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"सुब्बु, पायात चप्पल घाल."

"कुठं जायचंय?"

"दुकानात."

"मी? टाळांच्या दुकानात? कुकरच्या कानांची?"

बाईंनी गॅस बंद केला, पाट ओढून बसल्या. "आधी म्हणा."

"काय म्हणू?"

"मला ऐकू येत नाही, असं."

राव भिंतीकडे बघत काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं बोला," बाई म्हणाल्या. "मलासुद्धा ऐकू आलं नाही."

"मला ऐकू येत नाही!" राव ओरडले. शेजारच्या गच्चीवरच्या बाईनं वाळत घालायचं धोतर हातात तसंच धरून खाली डोकावलं. मग सुब्बलक्ष्मीबाई उठल्या आणि साडी बदलायला चांगला अर्धा तास घेतला.

दुकानात विजयराघव वाट बघत होते. तीन जोड्या हव्या होत्या. ढीग पुढे आला. राव बसले, आणि तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कान हिचा. बोटं माझी." विजयराघव थट्टा समजून हसले. राव हसले नाहीत, तसं त्यांचंही हसू थांबलं.

राव एकेक टाळ वाजवून बोटांवर मोजत. विसाच्या पुढचे बाजूला. मग दोन-दोन उचलून बायकोकडे बघत. बाईंना आधी घाम फुटला. पहिली जोडी वाजली, त्यांनी दुसऱ्यांदा वाजवायला सांगितली, तिसऱ्यांदा सांगितली. एकाएकी त्यांचं नाक वर गेलं.

"डबडं," सुब्बलक्ष्मीबाई म्हणाल्या.

दुसरी डबडं. तिसरी म्हणजे पत्र्यावर नारळ पडला. विजयराघवांनी चाचरत विचारलं, "अम्मा, ही तर मला बरी वाटली?"

"तुमचे कान फोननं तळलेत," बाई म्हणाल्या. रावांनी मान खाली घातली, ती हसू लपवायला की आणखी कशाला ते कुणी विचारलं नाही.

नऊ जोड्या फेटाळून बाईंनी तीन दिल्या. निघताना दुकानाचा मालक विजयराघवांच्या देखत म्हणाला, "पुढच्या वर्षी अम्मांना फोन करतो." हे मात्र रावांना स्पष्ट ऐकू आलं.

परतताना ते सतीशकुमारच्या दुकानात शिरले. घरचा सहावा परत जायचा होता; सगळ्यात आधी हाकललेला, पडला तरी वाजणारा लाल स्पीकर मागितला. बाईंनी तो लावायला लावला, चार ओळी ऐकल्या, मान डोलावली.

"तात्ता," सतीशकुमार म्हणाला, "हे तर डबडं होतं ना?"

"डबडंच आहे," राव म्हणाले. "बांध."

रविवारी सकाळी कीर्ति गल्लीच्या तोंडाशी सायकल धरून उभी होती. लाल लोटा हँडलला पट्ट्यानं बांधलेला. टोळी पुढच्या चौकात थांबली होती, तिथून टेंपोत सायकली घालून डोंगराच्या पायथ्याला जायचं होतं. तिनं भजन लावलं. आजोबांसाठीच लावलं असणार, टोळी गाठेपर्यंत तिनं ते बदललंही असेल. ती निघाली तसं बाईंनी रावांचं कोपर धरून त्यांना बाजूला ओढलं.

"घंटी वाजवली तिनं," त्या म्हणाल्या.

सायकल वळणाआड गेली. रावांना आता मृदंगही ऐकू येईना.

"विझलं?"

"नाही. येतंय अजून."

ते थांबले. "आता?"

"अजून. टाळ येतायत."

मग बाईंनी कोपर सोडलं. "हं. विझलं."

"सव्वीस," राव म्हणाले आणि घराकडे वळले. "भंगारात नको टाकायला, एवढंच."