खिसेवालीचा तपास

लाँड्रीतल्या बायकांनी तिचं नाव खिसेवाली ठेवलं होतं, आणि ते तिला चपखल बसलं होतं. कपडे यंत्रात जाण्याआधी त्यांचे खिसे तपासायचे, हे तिचं काम. उभी हयात तिने त्यातच काढली. किल्ल्या, गोळ्या, सिनेमाची तिकिटं आणि एकदा तर चक्क कुणाची तरी कवळी निघाली होती. नुसता कोट हातात आला की घालणारा कसा आहे ते ती सांगायची आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. तिला सगळ्यात जास्त संशय यायचा तो साफ रिकाम्या खिशाचा. खिशात धागे असतात, धूळ असते. तेसुद्धा नसेल, तर कुणीतरी खिसा उलटा करून झटकलाय, आणि उगाच कुणी झटकत नसतं, असं तिचं म्हणणं. तिचा नवरा त्याच लाँड्रीची गाडी चालवायचा. लग्न ठरायच्या आधी तो शर्टाचे खिसे घरूनच झटकून यायला लागला, तेव्हा बायकांनी त्याला किती पिडलं असेल ते विचारूच नका.

म्हातारपणी तिची आठवण सुटत गेली. आधी शब्द गेले, मग रस्ते, मग माणसं. पण घरातल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसवलं, की तिचा हात माउसवर बरोबर जाऊन बसायचा. त्यात रहस्याचा एक गेम होता. एका बंगल्यात मालकाचा खून झालाय, आणि खेळणारा झाला गुप्तहेर. पळापळ नाही, गोळीबार नाही, कुणी घड्याळ लावून मागे उभं नाही. खोलीभर बाण फिरवायचा आणि जिथे संशय येईल तिथे टिचकी मारायची. टिचकी मारली की गुप्तहेर बोलणारच. खुर्चीवर मारली, तर म्हणेल, नुसती खुर्ची आहे. फुलदाणीवर मारली, तर म्हणेल, फुलं सुकलेली नाहीत, म्हणजे सकाळी कुणीतरी इथे होतं. सापडलेली वस्तू स्क्रीनच्या खालच्या पिशवीत जाऊन पडायची. काल काय सापडलं ते ती विसरायची, पण पिशवीच्या ते लक्षात असायचं.

यात एवढं काय आहे, असं नवऱ्याने एकदा तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "इथे विचारलं की उत्तर मिळतं." त्याच आठवड्यात डॉक्टर तिच्याबद्दलचं सगळं त्याच्याकडे बघून बोलले होते, तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. त्यामुळे त्याने पुढे काही विचारलं नाही.

खुनी वकील निघायचा. दर वेळी वकीलच निघायचा आणि दर वेळी ती तितकीच खूश व्हायची. दुसऱ्या दिवशी बंगला पुन्हा कोराकरकरीत. एकाच गेमवर जन्म काढता येतो हे बघून नवऱ्याला हसू यायचं. एकदा त्याच्या तोंडून "वकिलावर लक्ष ठेव" असं निसटलं, तर संध्याकाळभर ती त्याच्याशी बोलली नाही.

हा गेम खरं तर त्यांच्या मुलाचा. तो शाळेत असताना मायलेकरं एकाच खुर्चीत दाटीवाटीने बसून तो खेळायची. मुलगा मोठा झाला, कमावता झाला, आणि ऐन तारुण्यात आजाराने गेला. शेवटपर्यंत ती त्याच्या उशाशी होती. पण विसरायला लागल्यावर ती नेमकं तेच विसरली. "पोरगा अजून कसा आला नाही?" असं ती संध्याकाळ झाली की विचारायची. नवरा खरं सांगायचा, आणि ती बातमी तिला पहिल्यांदाच कळायची. भिंतीला धरून ती खाली बसायची. आठवड्यातून दोन-तीनदा एका आईला तिचं मूल गेल्याचं सांगायचं, हे कुठल्या माणसाला झेपेल? त्याने हात टेकले.

म्हणून त्याने घर साफ केलं. मुलाचे कपडे, बूट, पुस्तकं सगळं देऊन टाकलं. फोटो द्यायचे तरी कुणाला? ते त्याने परसात जाळले आणि जाळताना एकाकडेही बघितलं नाही. ती त्याचा फोन चाळायची, म्हणून त्यातलेही पुसले. जेवणाच्या टेबलाची तिसरी खुर्ची भंगारवाल्याला दिली. फक्त कॉम्प्युटर ठेवला, कारण तो तिला तासन्‌तास एका जागी बसवायचा. महिन्याभरात तिने मुलाबद्दल विचारणं सोडलं. नवऱ्याला वाटलं, जिंकलो.

सहा महिने असेच गेले. मग एके दिवशी गेममधल्या भिंतीवरच्या एका फिकट चौकोनावर तिने टिचकी मारली. गुप्तहेर म्हणाला, इथे एक तसबीर होती, कुणीतरी उतरवली आहे. तिने मान वळवली आणि स्वतःच्या घरातल्या भिंतीकडे बघितलं.

नवरा शेजारीच भाजी निवडत होता. तो खाली मान घालून निवडतच राहिला. पुढचे काही दिवस ती घरभर फिरली. कपाट उघडून बघितलं, टेबलाच्या कडेवर बोट फिरवलं, दारामागच्या खुंट्या चाचपल्या. तिला आता दुसरा छंद लागला, असं म्हणून त्याने मनाची समजूत घातली. दिसलेलं लक्षात राहावं म्हणून तिने जागोजागी कपड्यांचे चिमटे लावून ठेवले होते, त्याचा अर्थ त्याला कळला नाही.

एका दुपारी तिने त्याला समोर बसवलं. गेमच्या शेवटी गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो, तसं. इथे बोलावण्यासारखा तो एकटाच होता.

"या घरात तिसरं कुणीतरी राहायचं," ती म्हणाली. एकेका चिमट्यापाशी जाऊन तिने दाखवलं. भिंतीवरचे फिकट चौकोन. टेबलाची तिसरी कडा, कोपर टेकून टेकून गुळगुळीत झालेली. आणि कपाटातला तो खण. "बाकी सगळीकडे धूळ आहे. या खणात तीपण नाही. झटकलाय कुणीतरी."

ती परत त्याच्यासमोर येऊन बसली.

"कोण होतं ते मला आठवत नाही. पण काढलंत तुम्हीच. मारलंत का त्याला?"

खरं सांगितलं असतं, तर ती पुन्हा भिंतीला धरून बसली असती. त्याने हिशेब केला की, उद्या सकाळपर्यंत सगळं पुसलं जाणार. एका दिवसापुरतं खुनी व्हायला काय हरकत आहे?

"हो," तो म्हणाला. "मीच."

उलगडा झाला म्हणून क्षणभर तिचा चेहरा उजळला. मग ती उठली, आतल्या खोलीत गेली, आणि तिने कडी लावली.

सकाळी तिला काहीच आठवत नव्हतं. बंगला, मालक, पिशवी, सगळं नवं. पण तो शेजारी येऊन बसला, तशी तिने खुर्ची लांब सरकवली. त्याने केलेला चहा तिने मोरीत ओतला आणि स्वतः करून प्यायली. दुसऱ्या दिवशी तेच, आठवड्यानेही तेच. डॉक्टरांनी सांगितलं की गोष्ट विसरली जाते, पण भीती इतक्या लवकर जात नाही. हा हिशेब त्याने केलाच नव्हता. ज्या बाईने त्याच्याबरोबर सगळा संसार केला, ती आता त्याची चाहूल लागली की पाठ भिंतीला लावून उभी राहायची.

शेवटी त्याला ते सोसवेना. तो तिच्यासमोर लांबच, जमिनीवर बसला आणि त्याने खरं काय ते सांगून टाकलं. आपल्याला मुलगा होता. आजारी पडला. तू त्याच्या उशाशी होतीस. मी कुणालाही मारलं नाही गं.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"फोटो दाखवा त्याचा."

"नाहीये."

"एखादा शर्ट?"

त्याने नुसती मान हलवली. तिची नजर भिंतीवरून, कपाटावरून फिरून त्याच्यावर आली. लाँड्रीत खोटं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ती अशीच बघायची, रागावून नव्हे, जरा कीव करून.

"नाव काय होतं?"

त्याने नाव सांगितलं. किती दिवसांनी त्याच्या तोंडून ते निघालं होतं. तिने ते दोनदा स्वतःशी पुटपुटून बघितलं.

"या नावाचं मी कुणाला ओळखत नाही," ती म्हणाली, आणि आपला कप उचलून आत निघून गेली.

ती रडली नाही. त्याला नेमकं तेच तर हवं होतं.