मोलगीच्या डोंगरावर अर्धी खुर्ची

पुण्याहून आलेल्या मेंदूच्या मॅडमने मला फसवलं. वजनात मारलं नाही, खोटा माल दाखवला नाही. समोर बसवून, चहा पाजून, माझ्याच मागणीला हो म्हणून फसवलं. आपल्या व्यापारी मंडळाच्या अंकासाठी प्रवासवर्णन द्या, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी लगेच तयार झालो. डोंगर सुंदर होते, ते मी लिहीनच. पण मला तक्रार नोंदवायची आहे.

आधी जायचं कारण सांगतो. नंदुरबारला माझी मिरचीची पथारी आहे (ओली लाल मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान). सायकलवर मिरचीची पोती बांधून गावोगाव फिरलो आणि त्यातून ही जागा उभी केली. कुणाच्या बापाने दिली नाही. पथारी चालवतो दिलवर. मोलगीकडचा पावरा आदिवासी, कमी बोलणारा. मजूर डोंगरातून खाली उतरतात ते त्याच्या शब्दावर. गेल्या हंगामात मी सगळ्यांदेखत त्याच्यावर आवाज चढवला. त्याने खांद्यावरचा रुमाल झटकला आणि घरी निघून गेला. पाठोपाठ मजूर गेले, आणि माझी लाल मिरची जमिनीवर पडल्या पडल्या पांढरी होत गेली. पुढे तो परत आला, पण पाहुण्यासारखा. या हंगामात तो पुन्हा गेला तर पथारीला कुलूप लागणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

पुण्यात नोकरी करणारी माझी मुलगी फोनवर म्हणाली, "पप्पा, मेंदूच्या शास्त्रावर एक शिबिर आहे. माणसं कशी सांभाळायची, स्वतःला कसं घडवायचं, ते शिकवतात. आणि ते तुमच्याच डोंगरात आहे." शिबिरातली एक जागा, म्हणजे माझी खुर्ची, तिनेच ठरवून दिली. मी दिलवरला सोबत घेतलं. घाटात गाडी त्याच्या हातात बरी, आणि शिकायचंच तर दोघांनी शिकावं.

नवी मिरची यायला अजून अवकाश होता. तळोदा मागे टाकून अक्कलकुव्याला चहाला थांबलो. बाकावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कथा जाई ऱ्हायनात शेठ?" (कुठे निघालात?)

"मोलगीकडे. तठे मेंदूनं शिबिर शे." (तिथे मेंदूचं शिबिर आहे.)

"कोन्हा मेंदू?" (कुणाचा मेंदू?)

"मन्हाच." (माझाच.)

"इतली उमरमा?" (एवढ्या वयात?) मग त्याने दिलवरकडे पाहिलं. "आनि हाऊ?"

"यान्हाबी." (याचाही.)

"यान्हा ते बरा दिखी ऱ्हायना," (याचा तर बरा दिसतोय,) म्हातारा म्हणाला आणि बशीतला चहा फुर्रकन ओढला. दिलवर हसला. बऱ्याच महिन्यांनी त्याला हसताना पाहिलं, तेही माझ्या जिवावर.

देवगोईच्या घाटात गाडी तापली. बॉनेटमधून वाफ निघाली तशी माझ्या डोक्यातूनही निघाली. निघताना पाणी तपासलं नाही म्हणून दिलवरला दोन शब्द सुनावणार होतो, पण त्याने प्यायच्या पाण्याची बाटली काढली आणि शांतपणे दगडावर बसून इंजिन थंड व्हायची वाट पाहत राहिला. समोर सातपुडा हिरवागार पसरला होता. उतारावर भगरीची शेतं अशी टांगलेली, की पिकाखाली जमीन आहे की नुसती हवा, कळू नये. तापीकाठच्या सपाटीवरून आलेल्या माणसाला इथे पाय कुठे रोवायचे हेच उमगत नाही.

शिबिर मोलगीच्या पुढे एका टेकडीवर होतं. तंबू, सतरंज्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि शहरांतून आलेले गळ्यात नावाच्या पाट्या घातलेले साहेबलोक. मॅडम दारातच भेटल्या. पांढरे केस, पायात बूट, आवाज मऊ. म्हणाल्या, "तुम्ही दोघं, पण खुर्ची एकच ठरलीय."

मी म्हटलं, "एकच पुरे. रोज सकाळी हा बसेल, दुपारी मी बसेन. खुर्ची तुमची तेवढीच झिजणार."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग दिलवरकडे पाहिलं. "चालेल," म्हणाल्या. "फक्त उलट करू. सकाळी तुम्ही, दुपारी हे."

कुरकुर नाही, घासाघीस नाही. समोरचा पहिल्याच शब्दाला हो म्हणाला की मी पोतं उलटं करून तळ बघतो. आयुष्यभर बघत आलोय. त्या दिवशी मात्र अर्धी खुर्ची फुकट मिळाल्याच्या खुशीत मी तळ बघितला नाही.

सकाळच्या वर्गात मॅडमनी रबराचा मेंदू आणला होता. त्याचे भाग सुटे व्हायचे. आतला एक तुकडा दाखवून म्हणाल्या, "हा बदामाएवढा भाग म्हणजे आपला धोक्याचा भोंगा."

"बदाम ममरा की कॅलिफोर्निया?" मी विचारलं. साहेबलोकांनी वह्यांत डोकं घातलं. मॅडम मात्र खळखळून हसल्या, आणि तिथेच मला त्या आवडायला लागल्या. यालाही मी त्यांच्या लबाडीतच धरतो.

त्यांचं म्हणणं असं, की माणसावर ओरडलं की त्याचा भोंगा वाजतो. भोंगा वाजत असताना कपाळामागचा विचार करणारा भाग नीट चालत नाही. मग तो माणूस आणखी चुकतो, आणि आपण आणखी ओरडतो.

मी उठलो. "मॅडम, माझ्यावर जगाने ओरडून घेतलंय. हमाली केली तेव्हा, सायकलवर होतो तेव्हा. म्हणून तर उभा राहिलो."

"उभे राहिलात, खरंच," त्या म्हणाल्या. "जे ओरडायचे, त्यांच्याकडे किती टिकलात?"

"टिकतोय कशाला? सगळ्यांना सोडून आलो!"

 मी खाली बसलो. बसल्यावर कळलं, की मी काय बोललो.

मग मॅडमनी एक उपाय सांगितला. भोंगा वाजला की मनात जे चाललंय त्याला नाव द्यायचं. राग, भीती, जे असेल ते सरळ शब्दांत म्हणायचं. नाव दिलं की भोंग्याचा आवाज उतरतो. मी तंबूत करून पाहिलं. खोटं का बोलू, उतरला.

दुपारी दिलवर आत आणि मी बाहेर. टेकडीवर फिरलो. मोहाच्या झाडाखाली बसलो. एका घरी भगरीचा भात आणि मिरचीचा ठेचा मिळाला. ठेचा असा, की मिरचीचा व्यापारी असूनही डोळे पुसावे लागले. घरधनीण म्हणाली, मिरची इथलीच आहे, विकायची नाही. भाव विचारायच्या आधीच नाही म्हणणारी माणसं मला फार आवडत नाहीत.

रोज संध्याकाळी दिलवरला विचारायचो, "काय शिकाडं?" (काय शिकवलं?)

"बरं शे, शेठ," एवढंच म्हणायचा आणि भाकरी मोडायचा.

शिबिर संपलं आणि उतरताना मोलगीचा बाजार लागला. जीपवर माणसं लटकलेली, डोंगरी काकड्यांचे ढीग, पाय बांधलेल्या कोंबड्या. एका म्हातारीकडे तुऱ्याचा झोकदार कोंबडा होता. तिने भाव सांगितला, मी सवयीने निम्मा सांगितला. तिने कोंबडा माझ्या हातातून काढून घेतला आणि तोंड फिरवलं. माझा बदाम तडकला. पण मी शिकलेला माणूस. मोठ्याने म्हटलं, "मला राग येतोय. कारण मला हाच कोंबडा पाहिजे."

म्हातारीने दिलवरला पावरीत विचारलं, हा काय म्हणतो? त्याने सांगितलं. म्हातारी पोट धरून हसली आणि भाव वाढवला. मी तो दिला.

कोंबडा काखेत घेऊन गाडीकडे निघालो तेव्हा दिलवर थांबला. "शेठ, एक गोठ सांगनी शे."

"सांग."

"पथारीमा माले निम्मी भागी जोयजे. आनि मन्हा मानसेस्वर कोनी वरडावं नही." (पथारीत मला निम्मी भागीदारी पाहिजे. आणि माझ्या माणसांवर कुणी ओरडायचं नाही.)

एवढं बोलून तो गप्प झाला.

ही गप्प बसायची विद्या माझी आहे. मोठमोठ्या दलालांसमोर चष्मा पुसत बसून मी त्यांना आधी बोलायला लावलंय. मीही गप्प राहिलो. बाजार वाजत होता. कोंबडा माझ्या बरगडीवर चोच मारत होता. दिलवर माझ्याकडे असा बघत होता, की त्याला कुठे जायचंच नाही. आणि खरंच, त्याला नव्हतं जायचं. त्याचं घर तिथेच होतं. नंदुरबारला जायचं होतं ते मला. भोंगा असा वाजायला लागला की कानशिलं ठणकली. मग सकाळचा धडा आठवला, आणि तोंडातून निघून गेलं, "माले भेव वाटस, दिलवर. तू गया ते मन्ही पथारी बसनी." (मला भीती वाटते. तू गेलास तर माझी पथारी बसली.)

भोंगा थांबला. सौदाही तिथेच संपला. मी माझे सगळे पत्ते भर बाजारात, कोंबड्यासकट, उघडे केले होते. दिलवर अजूनही गप्प होता.

"निम्मी," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि माझ्या काखेतला कोंबडा काढून घेतला, अलगद.

घाट उतरताना मी विचारलं, "दुपारी काय शिकाडं, आते ते सांग."

आता भागीदार झालेल्या माणसाने मोकळेपणाने सांगितलं. जे पाहिजे ते स्पष्ट मागायचं. मागून झालं की बोलायचं नाही. समोरच्याच्या मेंदूला त्याचं काम करू द्यायचं.

आता पथारीच्या पाटीवर दोन नावं आहेत. या हंगामात मजूर लवकर उतरले, मिरची एकसारखी लाल वाळली, आणि मला ओरडावंसं वाटलं की मी वजनकाट्यामागे जाऊन कोंबड्याला ओरडतो. तो अजून जिवंत आहे. त्याला कापायला दिलवर देत नाही. पण माल चांगला निघाला म्हणून सौदा सरळ होता, असं मी मानणार नाही.

तेव्हा मॅडम, हा अंक तुम्हाला टपालाने पाठवतोय. सकाळ-दुपार तुम्ही उलटवलीत. मला पत्ते दाखवायला शिकवलंत आणि त्याला झाकायला. दारात उभ्या उभ्या, आम्हा दोघांना एकदा बघून, तुम्ही हे ठरवलं होतं का? मी अर्धी खुर्ची मागितली तेव्हा इतक्या पटकन हो का म्हणालात? मला उत्तर पाहिजे, लेखी, तुमच्या सहीचं. आणि मेहेरबानी करून गप्प बसू नका. तो धडा दुपारचा होता, त्याला मी नव्हतो.