ओढली की उसळणारी यादी

माझ्या घाऊक भांड्यांच्या दुकानाच्या अ‍ॅपवर आलेल्या ऑर्डरींची यादी मी अंगठ्याने खाली ओढतो. अख्खं पान रबरासारखं ताणलं जातं, वर कोरी पांढरी पट्टी दिसते आणि बोट उचललं की सगळं उसळून जागेवर येतं. ती पट्टी दिसली की दर वेळी वाटतं, काहीतरी नवं येतंय. येत काहीच नाही.

वाट पाहतो ती धाकट्या भावाच्या ऑर्डरीची. त्याला भांड्यांचं दुकान मीच घालून दिलं. एकदा चार गिऱ्हाइकांसमोर मी त्याच्यावर आवाज चढवला, तर त्याने माझ्याकडून माल उचलणंच सोडलं. माणूस ताणला तरी जागेवर येतो, असं मी धरून चाललो होतो.

अ‍ॅप बनवणाऱ्या मुलीला म्हटलं, “हे उसळणं बंद कर.”

“एका ओळीचं काम आहे, काका. पाचशे रुपये होतील.”

“मग पैसे कसले मागतेस?”

“राहू द्या. तुमच्याशी घासाघीस करण्यापेक्षा फुकट करते.”

आता पान भिंतीसारखं घट्ट आहे. उघडताक्षणी दिसतं, भावाचं नाव नाही. पूर्वी पान ओढून सोडेपर्यंत निदान एक क्षण आशेचा असायचा. तोही मीच भांडून बंद करून घेतला.