अनोळखी पठारावर सगळे ओळखीचे

आमची मुलगी मोठ्या शिशूत गेली तेव्हा नवऱ्याच्या लक्षात आलं की तिला आभाळ माहीत नाही. डोंबिवलीत आभाळ आहे. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या आणि गच्चीवरचे पत्रे यांच्यामध्ये वीतभर दिसतंही. पण नवऱ्याला म्हणायचं होतं ते आभाळ वेगळं. पाठीवर सॅक घेऊन, डोंगर चालून, एक रात्र तंबूत काढून तिने ते बघायला हवं होतं.

माझी हरकत नव्हती. मी वागळे इस्टेटमध्ये खोक्यांच्या एका कंपनीत काम करते. तिथून दिसणारा निसर्ग म्हणजे शेजारच्या गॅरेजच्या भिंतीत उगवलेला पिंपळ.

नवऱ्याने आयुष्यात एकदाच, कॉलेजात असताना, एका गडावर रात्र काढलेली. त्या रात्रीबद्दल तो इतकं बोललाय की ती निदान पंधरवडाभर चालली असावी. आता तो व्हिडिओ बघायला लागला. तंबू आला, झोपायच्या पिशव्या आल्या, कपाळाला बांधायचे दिवे आले. दुमडून खिशात मावणारा पेला आला. त्यातून चहा गळायचा. मुलीसाठी छोटी सॅक आली आणि तिला शिट्टी लावलेली होती. "हरवलीस तर वाजव," असं त्याने तिला नीट समजावलं. पुढचा आठवडाभर ती घरातल्या घरात हरवत होती.

सासूबाई रत्नागिरीकडच्या. लग्नानंतर बरीच वर्षं त्यांनी दिवा स्टेशनजवळ एका खोलीत काढली, खालून पाणी भरून आणलं, पत्र्याखाली उन्हाळे काढले.

"एवढं करून पक्कं घर घेतलं," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही पोरीला घेऊन माळावर झोपायला चाललात. वर त्यासाठी सामान विकत आणताय."

"आई, तो एक अनुभव असतो."

"आम्ही त्याला अनुभव म्हणत नव्हतो," असं म्हणून त्या तिखटमिठाच्या पुऱ्या करायला उठल्या.

थंडीतल्या एका शनिवारी नवऱ्याची सॅक दारात उभी राहिली तेव्हा ती मुलीपेक्षा उंच होती. नवरा खाली बसला, पट्ट्यांत हात घातले आणि त्याला उठताच येईना. मी आणि सासूबाईंनी दोन्ही बाजूंनी धरून त्याला उभं केलं. मग त्याने काही वस्तू काढल्या. पुऱ्यांचा डबा काढावा असं त्याच्या मनात आलेलं मला दिसलं, पण सासूबाई समोरच उभ्या होत्या.

कल्याणहून मुरबाडची एसटी, पुढे रिक्षा आणि मग चालायचं, असा बेत होता. पठार त्याने एका व्हिडिओतून शोधून काढलेलं. कुणाला फारसं ठाऊक नसलेली जागा, असं त्यात सांगितलं होतं.

वाट सोपी होती, पण ती आमच्या मुलीच्या चालीने कुणी मोजलेली नव्हती. रिक्षा नजरेआड व्हायच्या आतच ती मुंग्यांची एक रांग बघत उकिडवी बसली.

"बाबा, या कुठे चालल्यात?"

"घरी."

"मग आपण घरातून का आलो?"

"चल, उशीर होतोय," नवरा म्हणाला.

"कशाला?"

"सूर्यास्ताला."

तिने सूर्याकडे बघितलं. तो बराच वर होता, म्हणून ती पुन्हा मुंग्यांकडे वळली. चढ लागल्यावर तिने हात वर केले. नवऱ्याच्या पाठीवर तंबूसकट संसार होता, त्यामुळे ती माझ्या कडेवर आली, तिची सॅक माझ्या गळ्यात आली आणि शिट्टी माझ्या कानाशी.

पठारावर पोचलो तर तिथे तंबूच तंबू. केशरी, निळे, पोपटी. कुठे स्पीकर वाजत होता, कुठे निखाऱ्यांवर कोंबडी भाजत होती. पहिल्याच तंबूसमोर आमच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मॅक्सीवर स्वेटर घालून तांदूळ धूत होत्या.

"अगं, तुम्ही पण?" त्या म्हणाल्या. "आम्ही एक व्हिडिओ बघून आलेलो. कुणाला माहीतच नाही म्हणे ही जागा."

नवऱ्याने त्यांना नमस्कार केला आणि एकांत मिळावा म्हणून पार पलीकडच्या टोकाला गेला. तिथे कळव्याहून आलेलं एक मंडळ अंताक्षरी खेळत होतं. तो परत आला. तंबू ठोकायला घेतला तर वाऱ्याने कापड त्याच्याच अंगावर पांघरलं. तो आतून सूचना देत राहिला. शेवटी वहिनींचे यजमान दगड घेऊन आले आणि त्यांनी खुंट्या ठोकल्या.

त्यांना आमच्या मुलीच्याच वयाची मुलगी आहे. इमारतीत या दोघी लिफ्टमध्ये आपापल्या आईला धरून एकमेकींकडे नुसत्या बघायच्या. इथे पाच मिनिटांत त्यांचं घर-घर सुरू झालं. दोन तंबू म्हणजे दोन मजले. दोन मजल्यांच्या मध्ये त्या जिना चढल्यासारख्या पाय उचलत धावत होत्या, कारण लिफ्ट बंद पडलेली. निसर्गाकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. सूर्यास्त झाला तो नवऱ्याने एकट्याने बघितला.

जेवायला त्याने सूप ठरवलं होतं. वाऱ्याने गॅस पेटेना. मग सासूबाईंच्या पुऱ्या वहिनींच्या कोंबडीच्या रश्श्याबरोबर खाल्ल्या. नवऱ्याने सगळ्यांत जास्त खाल्ल्या.

जेवण झाल्यावर तो मोबाइलवर ताऱ्यांची माहिती शोधत होता आणि तेवढ्यात मुलीला शूला लागली. मी तिला झुडपांमागे नेलं.

"इथे दार नाहीये," ती म्हणाली.

मी ओढणी ताणून धरली.

"कडी लाव."

"लावली."

"दिवा बंद कर. कुणी बघेल."

मी कपाळावरचा दिवा बंद केला. बराच वेळ काहीच आवाज आला नाही. खाली पाहिलं तर ती बसल्या बसल्या मान मागे टाकून वर बघत होती.

"आई, वर काय सांडलंय?"

"तारे आहेत."

"सगळे?"

"सगळे."

तिने अजून थोडा वेळ बघितलं. माझे हात भरून आले होते, थंडी वाजत होती, तरी मी ओढणी खाली केली नाही. मीही वर बघत होते. इतके तारे मी शेवटचे कधी पाहिले, ते मला आठवेना.

परत येईपर्यंत ती माझ्या खांद्यावर झोपली होती. नवरा मोबाइल आभाळाकडे धरून तयारीत उभा होता.

"बघितले तिने," मी म्हटलं.

"कुठे?"

"झुडपामागे."

त्याने मोबाइल खाली घेतला. "मला हाक मारायची ना," तो म्हणाला.

"आतून कडी होती."

मग त्याने मलाच तारे दाखवले. दोन नावं चुकली असावीत, पण मी ऐकून घेतलं. इतक्या दिवसांच्या मेहनतीला निदान एक श्रोता तरी मिळायला हवा होता.

पाठीखाली दगड होता, त्यामुळे आम्ही दोघं जागेच. मुलगी मात्र आडवी होऊन, दोघांच्या पोटावर पाय ठेवून झोपली.

सकाळी नवऱ्याने आमच्या तंबूचा फोटो काढला, बाकीचे सगळे तंबू त्यातून कापले आणि कडेला रेंज येत होती तिथे जाऊन इमारतीच्या ग्रुपवर टाकला. "किती शांत जागा," असं खालून कुणीतरी लिहिलं. नवऱ्याच्या शेजारीच उभं राहून दात घासणाऱ्या वहिनींनी त्याला अंगठा दिला.

उतरताना मुलीने आपली सॅक आपणच घेतली. बाबाने हात पुढे केला तो तिने धरला नाही. तो तसाच हात पुढे धरून, एक पाऊल मागे, वाकून चालत राहिला. त्याचे गुडघे कुरकुरत होते ते मला मागून ऐकू येत होतं. ती दोनदा घसरली, दोनदा उठली, ढोपरावरची माती झटकली आणि रडली नाही.

खाली रस्त्याला लागल्यावर ती एका दगडावर बसली आणि बाजूची जागा हाताने साफ केली.

"बाबा, दमलास ना? बस."

तो सॅकसकट बसला. रिक्षा यायला वेळ होता.