जामिनावरच्या माणसाने केलेला फोन

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहरात माझी नोकरी लोकांना झोपेतून उठवण्याची होती. पगार कौन्सिलच्या अनुदानातून यायचा आणि हुद्द्याचं नाव बरंच भारदस्त होतं, पण काम हेच. ज्यांचा खटला अजून उभा राहायचा होता अशी माणसं जामिनावर बाहेर असायची. तारखेला कोर्टात हजर राहिली तर बाहेर, तारीख चुकली की आत. त्यातली बहुतेक पळून जाणारी नव्हती, झोपून राहणारी होती. म्हणून तारखेच्या सकाळी मी फोन करून ठरलेले तीन प्रश्न विचारायची. अंथरुणातून उठलास, की नुसता फोन उचललास? कोर्टाचं पत्र खिशात आहे? बस कितीची?

त्या मार्चमध्ये अनुदान संपत होतं. ते पुढे चालू ठेवायचं की योजना गुंडाळायची, हे कौन्सिलची समिती ठरवणार होती. समितीपुढे मी बोलायचं आणि जामिनावरच्या एकाने आपला अनुभव सांगायचा. मी एका छपरं दुरुस्त करणाऱ्याला निवडलं. पन्नाशीचा गडी, शेजाऱ्याशी मारामारी केल्याचा आरोप, पण एकही तारीख चुकवलेली नाही.

बैठक दुपारी दोनला होती. समितीने ती सकाळी दहावर आणली आणि आम्हा दोघांनाही तसं पत्र पाठवलं. माझं पत्र मी पंच करून व्यवस्थित फाइलला लावलं. वाचलं मात्र नाही.

बैठकीच्या दिवशी गाडी एमओटीच्या वार्षिक तपासणीला गेली होती, नवरा ऑफिसला. मी रजईत बसून निवांत चहा पीत होते. साडेआठला फोन वाजला. आमचा छपरवाला होता.

“गुड मॉर्निंग, लव्ह. अंथरुणातून उठलीस, की नुसता फोन उचललास?”

“मला लव्ह म्हणू नकोस, हजारदा सांगितलंय. काय झालं?”

“आधी उत्तर दे.”

“उठलेय,” मी चक्क खोटं बोलले.

“पत्र खिशात आहे?”

“कसलं पत्र?”

“बैठक दहाची आहे, लव्ह. बस तुझ्या स्टॉपवर नऊ बाराला येते. मी आतच असेन.”

हाताला लागली ती पँट चढवली आणि धावत सुटले. सहा पानी भाषण टेबलावरच राहिलं. बस सुटायला आली होती. हा एक पाय आत, एक फुटपाथवर ठेवून दार अडवून उभा.

“पाय काढा, नाहीतर पोलिसांना बोलावतो,” ड्रायव्हर ओरडला.

“बोलाव की. ओळखतात ते मला.”

समितीत करड्या सूटमधल्या एका कौन्सिलरने सुरुवातच केली, “मोठ्या माणसांना उठवायला कौन्सिलने पैसे का द्यावेत? यांच्याकडे घड्याळं नाहीत का?”

मी भाषणासाठी पर्स चाचपडत होते. तेवढ्यात आमचा छपरवाला उभा राहिला. “सर, हिच्याकडे घड्याळ आहे, नवरा आहे, नोकरी आहे. तरी आज सकाळी हिला मी उठवलंय.”

अध्यक्षबाई आधी हसल्या, मग सगळेच. “खरं का?” त्यांनी मला विचारलं.

माझे कान तापले होते, पण नाकारण्यात अर्थ नव्हता. “खरं आहे. पत्र आलं होतं, मी वाचलं नाही. फरक एवढाच, की मी आज आले नसते तर मला कोणी तुरुंगात टाकणार नव्हतं. यांना टाकतात. तेवढ्यासाठी आम्ही एक फोन करतो.”

सहा पानांत जे लिहिलं होतं ते एवढंच होतं. आणखी एक वर्षाचं अनुदान मंजूर झालं. करड्या सूटने विरोधात मत दिलं, ते त्याचं त्याला लखलाभ.

पुढच्या सोमवारी छपरवाल्याची तारीख होती. मी पावणेआठला फोन लावला.

“उठलोय, पत्र खिशात आहे, आठ वीसची बस,” तो एका दमात म्हणाला. “आणि तू?”

मी रजईतून पाय बाहेर काढले. “उठतेय,” म्हटलं.