करवतीचं झाकण

माझा धाकटा भाऊ सुतार. हात सोन्याचे, पण अंगात चालढकल मुरलेली. आमच्या कारखान्यातल्या गोल करवतीवरचं झाकण ढिलं झालं, तर पठ्ठ्याने ते तारेने वर बांधून ठेवलं. "स्क्रू उद्या बसवतो, दादा." महिनाभर हाच पाढा. एके सकाळी मी कापत असताना फळी उसळली आणि करवतीने माझी तीन बोटं उडवली. भुशाचा लाल चिखल झाला. मी धड हाताने त्याच्या थोबाडीत अशी हाणली, की त्याचा दात पडला.

आता कारखाना उघडला की तो आधी झाकण तपासतो. परवा मीच म्हणालो, "चहा घे रे आधी, मग बघ."

त्याने माझा थोटा पंजा धरून टेबलावर दाणकन आपटला.

"बोटं मोज, दादा. मग चहा."